सगळे कॅमेरे टॅम्पाकडे

सप्टेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतली कुठलीही वृत्तवाहिनी लावली, तरी फ्लोरिडातलं टॅम्पा शहर दिसत होतं. इयन नावाचं हरिकेन, म्हणजे आपल्याकडचं चक्रीवादळच, क्यूबाच्या रोखाने निघालं होतं आणि अंदाजाच्या नकाशावरची मधली रेष टॅम्पाच्या आसपास जाऊन टेकत होती. टॅम्पाला मोठ्या हरिकेनचा थेट तडाखा १९२१ नंतर बसलेला नव्हता. मोठं शहर, उथळ खाडी आणि शंभर वर्षं मिळालेली हुलकावणी, असं बातमीला लागणारं सगळं तिथे तयार होतं. वाळूची पोती भरणारी माणसं, पाण्याच्या बाटल्या संपून रिकाम्या झालेल्या सुपरमार्केटच्या फळ्या, पेट्रोल पंपावरच्या रांगा, खाडीकडे पाठ करून उभे असलेले बातमीदार, हीच दृश्यं तीन-चार दिवस फिरत राहिली. २८ तारखेला दुपारी तीनच्या सुमारास इयन किनाऱ्यावर धडकलं, ते केयो कोस्टा नावाच्या बेटावर, टॅम्पाच्या दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटरवर. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटर होता. जवळच्या फोर्ट मायर्स बीच या गावात समुद्र दहा ते पंधरा फूट चढला. टॅम्पात मात्र उलटं झालं. वाऱ्याने खाडीतलं पाणी बाहेर ओढून नेलं आणि हौशी लोक उघड्या पडलेल्या तळावर उतरून फोटो काढू लागले.

फ्लोरिडात दीडशेच्या आसपास माणसं दगावली. त्यातली सर्वांत जास्त फोर्ट मायर्स ज्या ली काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं, तिथली. टॅम्पाच्या बाजूच्या काउंट्यांनी किनाऱ्यावरच्या लोकांना हलण्याचा हुकूम २६ तारखेलाच काढला होता. ली काउंटीचा हुकूम निघाला २७ ला सकाळी, म्हणजे हातात दीड दिवसही उरला नव्हता. ‘वादळ टॅम्पाला जाणार असं सांगितलं होतं,’ असा सूर नंतर बराच ऐकू आला. प्रत्यक्षात फोर्ट मायर्सचा किनारा धोक्याच्या नकाशावर सुरुवातीपासून होता, फक्त कडेला होता. आणि कडेवर कोणी कॅमेरा लावत नाही.

हरिकेनची बातमी देणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. वादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, बातमीदार मात्र एकाच जागी उभा राहू शकतो, आणि तो जिथे उभा असेल तिथेच वादळ येणार अशी पाहणाऱ्याची समजूत होते. अमेरिकी माध्यमांनी या कामात जे कमावलं आणि जे घालवलं, त्यातलं बरंचसं या एका अडचणीभोवती फिरतं.

मायामीतल्या फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या आवारात नॅशनल हरिकेन सेंटरची इमारत आहे. वादळ समुद्रात असेपर्यंत हे केंद्र दिवसातून चार वेळा निवेदन काढतं, पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी वेळेप्रमाणे पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकरा वाजता. किनाऱ्यासाठी इशारा लागू झाला की मधल्या वेळेतही निवेदनं येतात. वृत्तवाहिन्यांचा सारा दिवस या घड्याळावर चालतो. पावणेअकराला निवेदक ‘थोड्याच वेळात नवा अंदाज’ म्हणू लागतो आणि अकराच्या ठोक्याला पडद्यावर तो प्रसिद्ध पांढरा शंकू येतो. अगदी जवळ आलेल्या वादळाच्या वेळी केंद्रातले तज्ज्ञ कॅमेऱ्यासमोर बसतात आणि एकेका वाहिनीला ठरावीक मिनिटं मुलाखत देतात. एक संपली की दुसरी, प्रश्न बहुतेक तेच.

हा शंकू २००२ पासून लोकांसमोर आहे आणि बहुतेकांनी तो चुकीचा वाचला आहे. बारा तासांनी, चोवीस तासांनी, पाच दिवसांनी वादळाचा केंद्रबिंदू कुठे असेल याचा अंदाज केंद्र देतं. मागच्या पाच वर्षांत हे अंदाज किती चुकले ते पाहून प्रत्येक वेळेसाठी एक वर्तुळ काढतात. वर्तुळ एवढं मोठं, की तीनपैकी दोन वेळा केंद्रबिंदू त्याच्या आत राहावा. ही वर्तुळं जोडली की शंकू तयार होतो. तेव्हा शंकू पुढे रुंदावत जातो तो अंदाजाची खात्री कमी होत जाते म्हणून. वादळ मोठं होत जातं म्हणून नव्हे. शिवाय तीनपैकी एका वेळी केंद्रबिंदूच शंकूबाहेर जातो, आणि वारा-पाऊस-समुद्र यांचा पसारा तर शंकूत धरलेलाच नसतो. हे सगळं पडद्यावर दीड मिनिटात सांगायचं, तेही मागे संगीत चालू असताना. निवेदक सांगतोही. पण प्रेक्षक स्वतःचं गाव आत आहे की बाहेर, एवढंच पाहतो, आणि आत असलं तर मधल्या रेषेपासून किती लांब.

खरं तर फ्लोरिडाच्या या किनाऱ्याला हा धडा आधी एकदा मिळाला होता. १३ ऑगस्ट २००४ ला चार्ली नावाचं हरिकेन असंच टॅम्पावर येणार म्हणून तिथले लाखो लोक घरं सोडून निघाले. वादळाने उजवीकडे वळण घेतलं आणि ते किनाऱ्याला लागलं ते नेमक्या त्याच केयो कोस्टा बेटावर, जवळजवळ त्याच वेगाने, तेही दुपारीच. पुंता गोर्डा हे गाव उद्ध्वस्त झालं. तेव्हाही शंकू बरोबर होता आणि लोक रेषेकडे पाहत होते. त्यानंतर शंकूतली रेष काढूनच टाकावी का, यावर पुष्कळ चर्चा झाली. रेष नसलेला नकाशाही केंद्र देतं. वाहिन्यांना मात्र रेष हवी असते, कारण रेषेशिवाय ‘कुठे’ या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन आलं, तेव्हा पुन्हा सगळे टॅम्पाला जमले. त्याआधी दोन दिवस मायामीच्या एनबीसी ६ वाहिनीवर जॉन मोरालेस हे ज्येष्ठ हवामानतज्ज्ञ बोलत होते. दहा तासांत हवेचा दाब पन्नास मिलिबारने खाली आला हे सांगताना त्यांचा आवाज फुटला, डोळे भरून आले, आणि त्यांनी प्रेक्षकांची माफी मागितली. कधी आरडाओरडा न करणारा माणूस म्हणून त्यांची तीन दशकांची ख्याती होती. त्यामुळे ती चित्रफीत देशभर पाहिली गेली, आणि ज्यांना मिलिबार म्हणजे काय ते माहीत नव्हतं त्यांनाही गांभीर्य कळलं. ९ ऑक्टोबरला रात्री मिल्टन टॅम्पाच्या दक्षिणेला सिएस्टा की इथे किनाऱ्यावर आलं. पण त्याच दिवशी दुपारी, वादळ अजून समुद्रात असताना, फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे पार दुसऱ्या बाजूला, त्याच्या बाहेरच्या पट्ट्यांनी टॉर्नेडो उठवले. फोर्ट पिअर्सजवळच्या स्पॅनिश लेक्स या निवृत्तांच्या वसाहतीत सहा जण मेले. तिथे एकही राष्ट्रीय वाहिनी वाट पाहत उभी नव्हती.

रेषेनंतर दुसरा घोळ आकड्याचा. सॅफिर नावाचा स्थापत्य अभियंता आणि हरिकेन सेंटरचे तेव्हाचे प्रमुख सिम्प्सन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वादळांची एक ते पाच अशी श्रेणी बसवली. मथळ्यासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. पण ही श्रेणी वाऱ्याची आहे. किनाऱ्यावर लोटल्या जाणाऱ्या पाण्याचे जे ठोकताळे तिला जोडलेले होते, ते केंद्राने २०१० मध्ये काढूनच टाकले, कारण ते दिशाभूल करत होते. आणि मारतं ते पाणी. अमेरिकेत १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे नव्वद टक्के पाण्याचे होते. त्यातले जवळजवळ निम्मे समुद्राच्या लोटाचे, उरलेल्यांत मोठा वाटा पावसाच्या पुराचा.

२०१८ मध्ये फ्लोरेन्स हे वादळ चौथ्या श्रेणीतून घसरत घसरत पहिल्या श्रेणीत आलं आणि अनेकांनी बॅगा उघडून कपडे परत कपाटात ठेवले. आकडा उतरला तसं पडद्यावरचं गांभीर्यही उतरलं. नॉर्थ कॅरोलायनात त्याने एका ठिकाणी ९०० मिलीमीटरवर पाऊस पाडला, नद्या फुगल्या आणि कित्येक दिवस उतरल्या नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी टेक्सासवर हार्वे घुटमळलं, तेव्हा तर ते हरिकेनही राहिलेलं नव्हतं. तरी एका गावात एकूण दीड हजार मिलीमीटरच्या वर पाऊस नोंदवला गेला. मुंबईकराला २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलीमीटरचा आकडा आठवत असेल. तो एका दिवसाचा होता, हा काही दिवसांचा. पण दोन्हीकडे वाऱ्याला काही काम उरलं नव्हतं.

फ्लोरेन्सच्याच वेळी द वेदर चॅनेलने एक चांगली गोष्ट केली. १९८२ पासून चोवीस तास हवामानच दाखवणारी ही वाहिनी. तिच्या स्टुडिओत उभ्या असलेल्या निवेदिकेभोवती संगणकाने पाणी चढवलं. आधी तीन फूट, मग सहा, मग नऊ. तीन फुटांना मोटारी तरंगू लागल्या, सहाला पाणी तिच्या डोक्यावरून गेलं, नऊला घराचा तळमजला दिसेनासा झाला. ‘नऊ फूट पाणी’ हे निवेदनातले तीन शब्द कुणाच्या मनात चित्र उभं करत नाहीत. या दीड-दोन मिनिटांनी ते केलं. हेच तंत्र कसं वापरू नये हे पाहायचं तर २०२३ च्या जूनमध्ये गुजरातकडे निघालेल्या बिपरजॉयची आठवण पुरे. एका हिंदी वाहिनीची निवेदिका स्टुडिओतच, वातानुकूलित हवेत, छत्री धरून झोकांड्या खात होती. पाठीमागच्या पडद्यावर माड वाकत होते. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली, आणि कच्छमधल्या जखाऊच्या मच्छीमाराला त्यातून काय कळलं असेल, हा प्रश्न राहूनच गेला.

वादळाची बातमीच नसली तर काय होतं, हे टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन शहराने ८ सप्टेंबर १९०० ला पाहिलं. क्यूबातल्या हवामानतज्ज्ञांचा हरिकेनचा अभ्यास तेव्हा जगात नावाजलेला. पण अमेरिकी हवामान खात्याला त्यांचं वर्चस्व सहन होत नव्हतं, म्हणून क्यूबातून हवामानाच्या तारा पाठवण्यावरच बंदी घातली गेली होती. वॉशिंग्टनचा अंदाज होता की वादळ फ्लोरिडाकडून अटलांटिकला जाईल. ते आखात ओलांडून गॅल्व्हस्टनवर गेलं. किमान सहा हजार, बहुधा आठ हजारांहून जास्त माणसं एका रात्रीत गेली. अमेरिकेच्या इतिहासात एका नैसर्गिक आपत्तीत याहून जास्त बळी अजून गेलेले नाहीत.

त्याच गॅल्व्हस्टनमध्ये एकसष्ट वर्षांनी टीव्हीवरच्या हरिकेनचा जन्म झाला. १९६१ च्या सप्टेंबरात कार्ला येत होतं. ह्यूस्टनच्या केएचओयू या स्थानिक वाहिनीचा एकोणतीस वर्षांचा बातमीदार आपली माणसं आणि यंत्रं घेऊन गॅल्व्हस्टनच्या हवामान कार्यालयात जाऊन बसला, कारण तिथे नवं रडार होतं. त्याचं नाव डॅन रादर. रडारच्या गोल काचेवर ढगांचा मोठा भोवरा दिसत होता, पण तो केवढा मोठा हे सामान्य माणसाला कसं कळणार? रादरने तिथल्या तज्ज्ञाला एका पारदर्शक प्लास्टिकवर मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याची आकृती काढायला सांगितली आणि ते प्लास्टिक रडारच्या पडद्यावर धरलं. वादळाने अर्धंअधिक आखात व्यापलेलं दिसलं. तोपर्यंत टीव्हीवर कुणी हरिकेनचं रडारचित्र थेट पाहिलेलं नव्हतं. साडेतीन लाखांच्या आसपास लोक किनारा सोडून गेले. कार्ला चौथ्या श्रेणीचं होतं आणि त्यात बळी गेले ते काही डझन. लवकरच सीबीएसने रादरला बोलावून घेतलं आणि पुढे तो त्यांचा मुख्य निवेदक झाला.

रादरच्या या गोष्टीतून माध्यमांनी नेमका भलता धडा घेतला. लक्षात राहायला हवा होता तो प्लास्टिकचा कागद. लक्षात राहिला तो वादळात सापडलेला, भिजलेला बातमीदार.

कागदाचा वारसा चालवला तो ब्रायन नॉरक्रॉसने. २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे अँड्र्यू मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडवर आलं. वारा एवढा, की हरिकेन सेंटर तेव्हा कोरल गेबल्समधल्या ज्या इमारतीत होतं, तिच्या छपरावरचं रडारच उखडून पडलं. नॉरक्रॉस मायामीच्या डब्ल्यूटीव्हीजे वाहिनीचा हवामानतज्ज्ञ होता. तो सलग तेवीस तास बोलत राहिला. त्याची खरी करामत मात्र वादळाच्या आधीची. वीज जाणार, मग टीव्ही कोण बघणार, असा साधा विचार करून आपला कार्यक्रम रेडिओवरूनही जाईल अशी सोय त्याने करवून घेतली होती. पहाटे अंधारात छप्पर उडायच्या बेतात असलेल्या घरांत लोकांच्या हातात सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर होता आणि त्यातून ओळखीचा आवाज सांगत होता: आता मधल्या खोलीत जा, बाथरूममध्ये किंवा कपाटाच्या खोलीत, आणि अंगावर गादी ओढून घ्या. तो स्वतःही सहकाऱ्यांना घेऊन स्टुडिओतून आतल्या सुरक्षित खोलीत गेला आणि तिथून बोलू लागला. जे मी करतोय तेच तुम्ही करा, याहून पटणारा सल्ला कुठला? पंचवीस हजारांवर घरं जमीनदोस्त झाली. न्हाणीघरात गादीखाली बसून जगलेल्यांच्या हकीकती पुढे वर्षानुवर्षं ऐकायला मिळत राहिल्या, आणि वर्षभरात नॉरक्रॉसवर टीव्हीपटही निघाला.

बाकीच्यांनी भिजणं चालू ठेवलं. त्यामागे तर्क नाही असं नाही. रस्त्यावर उभं राहता येत नाही हे बघितल्यावर लोक घराबाहेर पडत नाहीत, असं वाहिन्या म्हणतात. पण त्यात नाटकही मिसळतं. फ्लोरेन्समध्येच वेदर चॅनेलचा एक अनुभवी बातमीदार पाय फाकवून, वाऱ्याशी झुंजत बोलत असताना त्याच्या मागून अर्धी विजार घातलेले दोन तरुण निवांत चालत गेले. वाहिनीने खुलासा केला की तो ओल्या गवतावर होता, ती मुलं काँक्रीटवर, आणि शिवाय तो फार थकलेला होता. खुलासा खरा असेलही. कोट्यवधी लोकांनी पाहिली ती मात्र चित्रफीत.

याची एक बाजू हसण्यासारखी नाही. मे २०१८ मध्ये अल्बर्टो नावाच्या साध्या, हरिकेनच्या पायरीपर्यंतही न पोचलेल्या वादळाचा पाऊस नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात पडत होता. साउथ कॅरोलायनातल्या एका वाहिनीचा निवेदक आणि त्याचा छायाचित्रकार तिथल्या अग्निशमन प्रमुखाची मुलाखत घेऊन निघाले. सांभाळून राहा, असं दोन्ही बाजूंनी बोलून झालं होतं. दहा मिनिटांत भिजलेल्या जमिनीतून मुळासकट सुटलेलं एक मोठं झाड त्यांच्या गाडीवर पडलं. दोघेही जागीच गेले.

कॅमेऱ्याच्या जागेने केलेली सर्वांत महागडी फसगत मात्र २००५ ची, न्यू ऑर्लिन्सची. २९ ऑगस्टला सकाळी कतरिना शहराच्या पूर्वेकडून गेलं. राष्ट्रीय वाहिन्यांचे बातमीदार फ्रेंच क्वार्टरमध्ये हॉटेलांत उतरलेले. हा शहराचा सर्वांत जुना आणि म्हणून उंच भाग. खाली उतरून पाहिलं तर विटा पडलेल्या, पाट्या उडालेल्या, पण रस्ते कोरडे. न्यू ऑर्लिन्स थोडक्यात बचावलं, अशी बातमी देशभर गेली. त्याच दुपारी द टाइम्स-पिकायून या स्थानिक दैनिकातले दोघे सायकली काढून निघाले. एक पुरवणीचा संपादक, दुसरा चक्क कलासमीक्षक. रेल्वेच्या उंच रुळांवरून ते सायकली ढकलत लेकव्ह्यू या वस्तीपर्यंत गेले आणि समोर पाहिलं तर वस्तीच्या जागी तळं. शहराला लागून असलेल्या सरोवराकडच्या कालव्याची भिंत फुटली होती आणि शहर भरत चाललं होतं. ही बातमी त्या संध्याकाळी दैनिकाच्या संकेतस्थळावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाहेरचा देश मात्र सुटकेचा निःश्वास टाकत होता. याच दैनिकाने तीन वर्षांपूर्वी, जून २००२ मध्ये, पाच भागांची मालिका छापून शहराभोवतीचे बांध पुरणार नाहीत हे तपशीलवार सांगितलं होतं. ३० तारखेला पाणी कचेरीपर्यंत आलं, तेव्हा कर्मचारी अंकवाटपाच्या ट्रकांत बसून बाहेर पडले आणि तीन दिवस फक्त इंटरनेटवर अंक निघाला. पुढच्या वर्षी त्यांना पुलित्झर मिळालं.

बाहेरून आलेल्यांनी दुसऱ्या टोकालाही गाडी नेली. सुपरडोम या क्रीडागारात हजारो लोक अडकले होते. तिथे खून पडताहेत, बलात्कार होताहेत, प्रेतांचे ढीग आहेत अशा बातम्या वाहिन्यांवर चालल्या. काही तर शहराचे अधिकारीच बोलून दाखवत होते. महिनाभराने टाइम्स-पिकायूननेच तपास करून छापलं की डोममध्ये सहा मृत्यू झाले होते: चार नैसर्गिक, एक अमली पदार्थाने, एक बहुधा आत्महत्या. खुनाचा एकही नाही. पण मधल्या दिवसांत त्या अफवांमुळे मदतीची पथकं बिचकली, उशिरा पोचली. त्याच आठवड्यात दोन वृत्तसंस्थांची दोन छायाचित्रं शेजारी शेजारी फिरली. दोन्हींत माणसं छातीभर पाण्यातून खाण्याचे पदार्थ घेऊन चाललेली. काळ्या तरुणाच्या फोटोखाली त्याने किराणा दुकान ‘लुटलं’ असं होतं. गोऱ्या जोडप्याच्या फोटोखाली, त्यांना पाव आणि सोडा ‘सापडला’ असं. दोन्ही छायाचित्रकारांकडे आपापलं स्पष्टीकरण होतं. लोकांना जे दिसायचं ते दिसून गेलं.

कॅमेरा मोठ्या शहरात आणि वादळ शेजारच्या तालुक्यात, हे महाराष्ट्रालाही घडलेलं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग आलं. टाळेबंदीचे दिवस, त्यात ‘मुंबईवर शतकाहून जास्त काळाने चक्रीवादळ’ असे मथळे. वाहिन्या गेट वे, मरीन ड्राइव्ह, वरळी इथे लाटा मोजत उभ्या. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कोविड केंद्रातले रुग्ण हलवले त्याची बातमी झाली, जी व्हायलाच हवी होती. दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. संध्याकाळी मुंबई वाचल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवसापासून वाहिन्या पुन्हा कोविडच्या आकड्यांकडे वळल्या. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड आणि रत्नागिरीतल्या मंडणगड-दापोलीत तोपर्यंत छपरांवर कौल राहिलेलं नव्हतं. सुपारीच्या वाड्या आडव्या झालेल्या, माड मोडलेले, विजेचे खांब रस्त्यावर. मोबाइलचे मनोरे बंद पडल्यामुळे मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांना गावी आईवडील कसे आहेत हेही कळेना. काही गावांत वीज यायला आठवडे लागले. नुकसानीची खरी कल्पना आली ती तालुक्याच्या वार्ताहरांनी मोटारसायकलवर फिरून, सिग्नल मिळेल त्या टेकडीवर चढून फोटो पाठवल्यावर. ते फोटो जिल्हा आवृत्तीत छापून आले. मुंबई आवृत्तीत त्यातले थोडेच.

अमेरिकेत २०२४ च्या हेलेनने हेच शेकडो किलोमीटर आत, डोंगरात करून दाखवलं. २६ सप्टेंबरला रात्री ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं, सगळे कॅमेरे तिथे. दुसऱ्या दिवशी सहाशे किलोमीटर उत्तरेला ॲशव्हिल शहराच्या आसपास नद्यांनी वस्त्याच्या वस्त्या नेल्या. तिथल्या हवामान कार्यालयाने आधीच सांगितलं होतं की हा या भागातला आधुनिक काळातला फार मोठा प्रसंग ठरू शकतो. पण हरिकेन म्हणजे किनारा, हे समीकरण इतकं पक्कं की डोंगरात राहणाऱ्याला आपल्याशी त्याचा संबंध वाटलाच नाही. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभरावर मृत्यू झाले. वीज, नळाचं पाणी, मोबाइल तिन्ही बंद. उरला होता रेडिओ. स्थानिक केंद्रांनी गाणी थांबवून फोन घ्यायला सुरुवात केली: अमक्या वळणावरचा पूल गेला, तमक्या शाळेत पाणी मिळतंय, माझी बहीण सापडत नाही. लोक मोटारीत बसून, बॅटरी जपत, ते ऐकत होते. समाजमाध्यमांवर त्याच वेळी नावेत कुत्र्याचं पिल्लू कवटाळून रडणाऱ्या मुलीचा फोटो लाखो लोक पुढे पाठवत होते. ती मुलगी आणि ते पिल्लू संगणकाने बनवलेलं होतं.

पोर्तो रिको या अमेरिकी बेटावर २० सप्टेंबर २०१७ ला मारिया आलं, तेव्हा अख्ख्या बेटाची वीज गेली आणि डब्ल्यूएपीए हे एकच रेडिओ केंद्र जवळपास सलग चालू राहिलं. गावोगावचे महापौर चालत येऊन त्याच्या माइकवरून मदत मागत होते. त्याच वर्षीच्या हार्वे आणि इर्मा या वादळांना मिळालं त्या मानाने मारियाला अमेरिकी वाहिन्यांवर फारच कमी वेळ मिळाला. आलेले बातमीदार थोड्याच दिवसांत परतले, आणि बळींचा सरकारी आकडा ६४ वर स्थिरावला. तो आकडा खोडून काढायचं काम राजधानी सान हुआनच्या सेंत्रो दे पेरियोदिस्मो इन्व्हेस्तिगातिवो या छोट्या शोधपत्रकारिता संस्थेने अंगावर घेतलं. तिच्या पत्रकारांनी इस्पितळं, अंत्यविधीची कार्यालयं, डायलिसिस केंद्रं पालथी घातली. सरकार मृत्यूच्या नोंदी देईना, तेव्हा ही संस्था आणि सीएनएन कोर्टात गेले आणि जून २०१८ मध्ये न्यायाधीशांनी नोंदी देण्याचा हुकूम केला. ऑगस्टमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचा अभ्यास आला आणि सरकारने आकडा बदलून २,९७५ केला. वाऱ्याने किंवा पाण्याने थेट मेलेले त्यात थोडेच. बाकीचे वीज नसल्यामुळे प्राणवायूचं यंत्र बंद पडून, डायलिसिस चुकून, रस्ता तुटल्यामुळे इस्पितळात न पोचता, वादळानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत एकेक करून गेलेले होते.